शेण वेगळं, मूत वेगळं, पाणी वेगळं: तबेल्यांच्या शेणपाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, दहिसर या पट्ट्यातले तबेलेवाले, त्यांच्या शेजारच्या सोसायट्या आणि पालघर-वसईकडचे शेतकरी या तिघांशी गेली काही वर्षं माझं शेणावरून बोलणं होतं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. माझं शिक्षण मृदाशास्त्रातलं आहे. बालपण तबेल्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत गेलं, त्यामुळे वासाची तक्रार करणाऱ्यांची बाजूही मला कळते.

शेण तर खत आहे. त्याने प्रदूषण कसं होतं?

शेतात पडलं तर खत, नाल्यात पडलं तरी खतच. पण तिथे ते पाण्यातल्या शेवाळाचं आणि जलपर्णीचं खत होतं. शेणामुतात नायट्रोजन, फॉस्फरस आणि पालाश असतं. फॉस्फरस साचलेल्या पाण्यात पोचला की शेवाळ झपाट्याने वाढतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. पवई तलावावरची जलपर्णी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती काढायला यंत्रं आणतात, कंत्राटं देतात, आणि काही महिन्यांत ती पुन्हा हजर होते, कारण तिचं जेवण बंद झालेलं नसतं. (पवईच्या जलपर्णीचा दोष मी तबेल्यांच्या माथी मारत नाही. तिथे सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. जेवण मात्र तेच: नायट्रोजन आणि फॉस्फरस.)

नायट्रोजनची दुसरी वाट जमिनीखालून जाते. जास्तीचा नायट्रोजन नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं भारतीय मानक सांगतं. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते, म्हणून ही मर्यादा.

मुंबईत अजून तबेले आहेत?

आहेत. दूधवाला सकाळी सहाला दारात येतो, ते दूध सगळं टँकरने येत नाही. आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली ती मुळात शहरात दाटीवाटीने बांधलेल्या म्हशींना बाहेर काढायला. मुंबईचे तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची ती कल्पना. गोरेगावच्या डोंगरउतारावर ओळीने तबेले बांधले गेले आणि हजारो म्हशी तिथे आल्या. तेव्हा ते शहराबाहेर होतं. मग शहरच म्हशींच्या मागोमाग गोरेगावला आलं, आणि आता पुन्हा म्हशींनाच बाहेर जा म्हणतंय.

आरेबाहेरही पश्चिम उपनगरांत खासगी तबेले आहेत, आणि त्यातले बरेच नाल्याकाठी किंवा नदीकाठी आहेत. पूर्वी जागा निवडताना पाणी आणि उतार या दोनच गोष्टी पाहिल्या जात. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यापासून सुरू होते, ओशिवरा आरेच्या परिसरात उगम पावते, दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून तुळशी तलावाच्या बाजूने खाली येते. तिन्ही नद्या शेवटी खाडीला किंवा समुद्राला मिळतात.

एवढ्या मोठ्या शहराच्या सांडपाण्यापुढे तबेल्यांचं शेण ते किती?

एकूण आकड्यात थोडंच. मुंबईतून रोज दोन अब्ज लिटरहून जास्त सांडपाणी निघतं, आणि सगळा दोष म्हशींवर ढकलणाऱ्यांना मी हेच सांगते. पण एका विशिष्ट नाल्यापुरतं पाहिलं की चित्र बदलतं. दुभत्या म्हशीच्या शेणामुतातून रोज जेवढा नायट्रोजन बाहेर पडतो तो ढोबळमानाने दहा-बारा माणसांइतका असतो. म्हणजे शंभर म्हशींचा तबेला ही हजार-बाराशे माणसांची सोसायटी समजा, जिची ड्रेनेज लाइन थेट नाल्यात सोडली आहे. अशा दोन-तीन सोसायट्या एकाच ओढ्यावर असल्या तर ओढ्याचं काय होतं ते दहिसरला पुलावर उभं राहून बघता येतं.

एक म्हैस रोज किती टाकते?

मोठ्या जनावराचं शेण दिवसाला १५ ते २० किलो, मूत जवळपास तेवढेच लिटर. मुर्रा किंवा जाफराबादी दुभती म्हैस, पेंड आणि हिरवा चारा भरपूर, तर शेण वीसच धरा. ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे वीस किलोत सुका भाग चार किलो.

आता खरा हिशेब. २० किलो शेण, १५ लिटर मूत, आणि वरून धुण्याचं पाणी. पाइप धरून निवांत धुतलं तर म्हशीमागे १५० लिटर सहज जातं. एकूण झालं १८५, त्यात सुका भाग ४ किलो, म्हणजे दोन टक्के. हेच धुणं ४० लिटरमध्ये उरकलं तर एकूण ७५ आणि सुका भाग पाच टक्क्यांच्या वर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

वेगळं करायचं म्हणजे नेमकं कशातून काय?

या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामं येतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं, शेण आणि मूत एकत्र होऊच न देणं. जमिनीला उतार, मागे पन्हळ, मूत आपोआप वाहून टाकीत आणि शेण वर राहिलेलं. हे काम तबेल्याच्या फरशीवर होतं.

दुसरं, शेणपाणी झाल्यावर त्यातला घट्ट भाग आणि पातळ भाग अलग करणं. चाळणी, टाकी, प्रेस वगैरे सगळं इथे येतं.

तिसरं, पातळ भागात विरघळलेला नायट्रोजन-फॉस्फरस रसायनाने बाहेर काढणं. उदाहरणार्थ, मॅग्नेशियम घालून अमोनियम आणि फॉस्फेट यांचे खडे पाडता येतात, त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. चांगलं सावकाश विरघळणारं खत होतं. पण मुंबईच्या तबेल्यात ते परवडेल असं मला दिसत नाही, म्हणून तिसऱ्यावर इथेच थांबते.

पहिलं काम महत्त्वाचं का, तर जनावराने ही विभागणी आधीच करून दिलेली असते. फॉस्फरस जवळजवळ सगळा शेणात असतो. पालाश बहुतेक मुतात. नायट्रोजन दोन्हींत साधारण निम्मा-निम्मा, आणि मुतातला नायट्रोजन युरियाच्या रूपात. शेणात एक विकर (एन्झाइम) असतं, ते युरियाला भेटलं की काही तासांत त्याचा अमोनिया करायला लागतं. तबेल्यात शिरल्यावर डोळ्यांना जो झोंबतो तो हाच. म्हणजे शेण आणि मूत मिसळू दिलं की मुतातल्या नायट्रोजनचा मोठा हिस्सा हवेत गेला, आणि उरलेलं वेगळं करायला पुन्हा पैसे घालायचे.

सगळे फॉस्फरसच्या मागे का लागलेत? नायट्रोजन जास्त असतो ना?

जास्त असतो, पण फॉस्फरसच्या मानाने पिकाला हवा तेवढा नसतो. पीक नायट्रोजन जेवढा उचलतं त्याच्या सहाव्या-आठव्या हिश्शाएवढाच फॉस्फरस त्याला पुरतो. शेणखतात फॉस्फरसचं प्रमाण त्याहून बरंच जास्त असतं. त्यात साठवणीत अमोनिया उडून जातो आणि तफावत आणखी वाढते. मग शेतकरी पिकाची नायट्रोजनची भूक शेणखतावर भागवू लागला की गरजेच्या दुप्पट-तिप्पट फॉस्फरस मातीत पडतो, दरवर्षी. कोकणच्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, ते फॉस्फरसला धरून ठेवतात, त्यामुळे आपल्याकडे हा साठा लवकर उघडा पडत नाही. पण पहिल्या मुसळधार पावसात मातीच वाहून गेली की तिच्याबरोबर फॉस्फरसही जातो.

वेगळं करण्याचा सगळा मुद्दा इथे आहे. फॉस्फरस घट्ट भागात गोळा झाला तर तो गाडीत भरून लांबच्या, भुकेल्या जमिनीला पाठवता येतो. पातळ भाग जड, त्याची वाहतूक कोणी करत नाही. तो जवळच वापरायचा, आणि त्यात फॉस्फरस कमी असला तर जवळची जमीन तो सोसते.

कुठली पद्धत घ्यावी? यंत्र विकणारे तर सगळ्यांची खात्री देतात.

शेणपाणी किती पातळ आहे यावर. वरचे दोन आकडे आठवा.

दोन टक्क्यांचं पातळ पाणी असेल तर साधी स्थिरावण्याची टाकी सगळ्यांत स्वस्त. लांबट, उथळ, दोन कप्प्यांची. पाणी अर्धा-पाऊण तास संथ राहिलं की निम्म्याच्या आसपास घन कण तळाला बसतात. एक कप्पा भरला की दुसरा चालू करायचा, पहिला निथळला की खोऱ्याने उपसायचा. विजेची गरज नाही. पण टाकी उपसायचा कंटाळा केला की तिचा उपयोग शून्य. अशी एक टाकी मी पाहिली आहे जिच्यावर गवत उगवलं होतं आणि पाणी वरच्यावर नाल्यात चाललं होतं. मालक अभिमानाने म्हणाले, ‘प्लँट बसवलाय.’

त्यानंतर तिरकी चाळणी. पाणी वरून सोडायचं, धागे वर अडकतात, पाणी खाली जातं. बारीक कण सगळे निसटतात. टाकीआधीची पहिली पायरी म्हणून ठीक.

स्क्रू प्रेस हे सध्याचं लाडकं यंत्र. मोठा स्क्रू जाळीच्या नळकांड्यात फिरतो, पाणी पिळून काढतो, पुढून भुसभुशीत चोथा पडतो. चोथा हातात घेतला तर वास जवळजवळ नाही, पोत्यात भरता येतो, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच पटतं. पण त्याला शेणपाण्यात चार-पाच टक्के सुका भाग लागतो. दोन टक्क्यांचं पाणी घातलं की चोथ्याचा घट्ट गोळाच बनत नाही, सगळं जाळीतून सरळ पार होतं. दुसरी गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: प्रेस लांब धागे पकडते, आणि फॉस्फरस धाग्यांत नसतो. तो सूक्ष्म कणांना चिकटलेला असतो, जे जाळीतून आरामात निसटतात. त्यामुळे चोथ्यात फॉस्फरस येतो तो पाचवा हिस्सा, फार तर चौथा. नायट्रोजन त्याहूनही कमी. प्रेस वाईट नाही. तिने वजन घटतं, पुढच्या पाइपा तुंबत नाहीत, विकायला चोथा मिळतो. पण ‘फॉस्फरस काढणारं यंत्र’ म्हणून कोणी विकत असेल तर आकडा लिहून मागा.

फॉस्फरस खरोखर काढायचा तर डिकँटर सेंट्रिफ्यूज. मिनिटाला हजारो फेरे घेणारा ड्रम, बारीक कणही भिंतीला दाबून धरतो, अर्ध्याहून बराच जास्त फॉस्फरस घट्ट भागात आणतो. तुरटी, फेरिक क्लोराइड किंवा पॉलिमर आधी घातलं तर आणखी चांगलं, कारण बारीक कणांचे गठ्ठे होतात. किंमत, वीज आणि दुरुस्ती पाहता एकट्या तबेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आठ-दहा तबेल्यांनी मिळून चालवायची ती गोष्ट आहे, आणि आठ-दहा तबेलेवाले मिळून पाण्याचं बिलही भरत नाहीत हा माझा अनुभव. कोणी खोटं ठरवलं तर आनंदच होईल.

मग पहिलं यंत्र कुठलं?

खोरं.

खरंच. धुण्याआधी शेण कोरडं ओढून घ्यायचं, घमेल्यात भरून चौथऱ्यावर न्यायचं, आणि मग उरलेल्या फरशीवर पाणी मारायचं. एवढ्याने शेणातला बहुतेक फॉस्फरस पाण्याला कधी भेटतच नाही. सेंट्रिफ्यूजलाही याची बरोबरी करणं कठीण, कारण त्याला आधी मिसळलेलं सोडवायचं असतं.

हे तबेलेवाल्यांना ठाऊक नाही असं समजू नका. अडचण माणसांची आहे. पहाटे दोन-अडीचला धार काढायला उठलेला माणूस, चाळीस म्हशी त्याच्या एकट्याच्या अंगावर, आणि हातात पाइप. पाइपने शेण ढकललं की पाच मिनिटांत काम. खोऱ्याने ओढलं की अर्धा तास. त्याला पगार दुधाचा मिळतो, नाल्याचा नाही. मी एका मालकांना सुचवलं की शेणाच्या विक्रीतला वाटा ओढणाऱ्याला द्या. दोन महिने दिला, फरशी काचेसारखी दिसायची. मग वाटा थांबला, आणि पाइप परत आला.

फरशीचा उतारही पाहा. दर ४० ते ६० फुटांना एक फूट उतार पन्हळीकडे असावा. त्याहून सपाट असेल तर मूत साचतं, शेणात मुरतं. जुन्या तबेल्यांत फरशी खचलेली असते, मधे खळगे पडलेले असतात, आणि त्या खळग्यांसाठीच शंभर लिटर पाणी जादा लागतं. यंत्राच्या आधी गवंडी बोलवा.

प्रेस घ्यायचीच असेल तर काय बघावं?

सुतळी. पेंडीच्या पोत्यांची सुतळी, दाव्याचे तुकडे, कडब्याची लांब धसकटं, प्लास्टिकच्या पिशव्या. प्रेस बिघडते ती यांनी. मी पाहिलेली एक प्रेस तिसऱ्या आठवड्यात बंद पडली. स्क्रूवर सुतळीचं एवढं मोठं गुंडाळं झालं होतं की ते कापायला कटर आणावा लागला. पंपाच्या आधी जाड जाळी लावा, चारा कुट्टी करून घाला, आणि पोती गव्हाणीजवळ उघडू नका.

बायोगॅस लावला की प्रश्न सुटला ना?

नाही. हा सगळ्यांत मोठा गैरसमज, आणि शिकलेल्या लोकांत जास्त.

बायोगॅसमध्ये शेणातल्या कार्बनचा मिथेन होतो. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर वायू, म्हणजे २५ किलोला एक घनमीटर. चूल पेटते, वास कमी होतो, रोगजंतू घटतात, मिथेन हवेत सुटत नाही, सगळं चांगलं. पण मिथेनमध्ये नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही. जेवढा आत गेला तेवढा स्लरीतून, म्हणजे वायू निघाल्यावर उरलेल्या पातळ शेणातून, बाहेर येतो. उलट नायट्रोजनचा मोठा हिस्सा आता अमोनियमच्या रूपात असतो. पिकाला पटकन लागू, आणि नाल्यालाही पटकन लागू. बायोगॅसची स्लरी नाल्यात सोडणारा तबेला शेण सोडणाऱ्या तबेल्याइतकीच जलपर्णी पोसतो.

बायोगॅस करा, जरूर करा. २०१८ पासून केंद्राची गोबरधन योजना आहे, आंबवलेल्या सेंद्रिय खताच्या विक्रीला २०२३ मध्ये टनामागे १,५०० रुपये साहाय्यही जाहीर झालं होतं. पण स्लरी कुठे जाणार हे आधी ठरवा, बायोगॅसची टाकी नंतर.

गाळलेलं पाणी तरी नाल्यात सोडता येईल?

नाही. ते पाण्यासारखं दिसतं एवढंच. त्यात मुतातला उरलेला नायट्रोजन आणि पालाश आहे, बारीक कणांबरोबरचा फॉस्फरस आहे. त्याची जागा चाऱ्याच्या जमिनीत. आरेच्या उतारांवर पॅरागवत लावायची जुनी पद्धत आहे, ते गवत हे पाणी पितं आणि चार-पाच आठवड्यांत पुन्हा कापणीला येतं. जिथे एक गुंठाही जमीन नाही तिथे पाण्यावर पुढची प्रक्रिया करावीच लागते. किंवा पाणी कमी करा, मूत साठवा, आणि टँकरने पाठवा. पाणी न मिसळलेलं मूत टँकरला परवडतं, दहापट पाणी मिसळलेलं परवडत नाही.

घट्ट भाग घेतं कोण?

घेतात, पण ओलं घेत नाहीत. टेम्पो भाडं वजनावर, आणि ताज्या शेणात पाच किलोंतलं चार किलो पाणी. वसईची केळी आणि भाजी, केळवे-माहीमच्या पानवेली, डहाणू-घोलवडचे चिकू या सगळ्यांना सेंद्रिय खत हवं असतं. पलीकडे नाशिकचे द्राक्षवाले आहेत, पण तिथवर भाडं खतालाच खाऊन टाकतं.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब असा: चांगल्या शेणखताच्या एका टनात साधारण पाच किलो नायट्रोजन, दोन-अडीच किलो स्फुरद (म्हणजे फॉस्फेट), पाच किलो पालाश. युरियाच्या गोणीत यापेक्षा कितीतरी पट नायट्रोजन आहे, सरकारी अनुदानाच्या भावात. मग शेणखत घ्यायचं कशाला? मातीच्या पोताला, पाणी धरायला, गांडुळांना. हे शेतकऱ्याला माझ्याकडून शिकायचं नसतं. त्याची तक्रार वेगळी असते: तणाचं बी येतं, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, काचा येतात. म्हणून चोथा ढीग लावून कुजवा. ढिगाच्या आत ५५ अंशांच्या वर तापमान काही दिवस टिकलं आणि ढीग दोन-तीनदा पालटला की तणाचं बी मरतं, वजन निम्म्यावर येतं, आणि खत चहाच्या चोथ्यासारखं मोकळं होतं. प्रेसचा चोथा पोकळ असल्याने हवा खेळते, तो नुसत्या शेणापेक्षा लवकर तापतो. प्रेसच्या बाजूने बोलायचं तर हा तिचा खरा फायदा.

पावसाळ्यात काय करायचं?

सगळी योजना इथेच कोलमडते. मुंबईत चार महिन्यांत २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्या टाकीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन हजार लिटर पाणी फुकट येतं. शेतकरीही जून ते सप्टेंबर खत उचलत नाही, शेतात गाडी जात नाही. म्हणजे साठा वाढतो आणि त्याच वेळी भिजतो.

छप्पर. ढिगावर छप्पर, टाकीवर छप्पर, आणि तबेल्याच्या पत्र्याचं पाणी पन्हाळीने अलग नाल्यात. पत्र्याचं पाणी स्वच्छ असतं, ते शेणात पडू दिलं की तेही शेणपाणी. मे महिन्यात टाक्या रिकाम्या करून ठेवा. मूर्तीला रंग द्यायला जशी मुदत असते तशी ही मुदत समजा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तसल्या दिवशी कुठलीच टाकी टिकत नाही. पण नेहमीच्या पावसात ओसंडणारी टाकी म्हणजे मापात चूक किंवा पाणी जास्त.

आणि गमबूट. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) फक्त उंदरांमुळे होत नाही, गुरांच्या मुतातूनही होतो. जखम असलेला पाय साचलेल्या पाण्यात घालू नका.

टाकी उपसायला माणूस आत उतरवला तर चालेल?

नाही. कधीच नाही. शेणपाणी साठलेल्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि ढवळलं की तो एकदम सुटतो. सडक्या अंड्याचा वास आधी येतो आणि वायू वाढला की वास येणंच बंद होतं, कारण नाकच बधिर होतं. एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो, आणि तोही जातो. ढवळताना जनावरं आणि माणसं दूर, बाजू उघड्या, आणि उपसा बाहेरून पंपाने.

परदेशात हे कसं करतात?

नाइलाजाने करतात. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार संवेदनशील भागांत हेक्टरी वर्षाला जास्तीत जास्त १७० किलो नायट्रोजन शेणामुतातून देता येतो. नेदरलँड्समध्ये गुरं इतकी की जमीन पुरेना, म्हणून तिथे २०१८ पासून दुभत्या गुरांसाठी फॉस्फेटचे हक्क लागू केले. हक्क नसेल तर गाय वाढवायची नाही. घट्ट भाग वेगळा करून, वाळवून दूरच्या शेतांना पाठवणं तिथे यातूनच वाढलं.

आता ती १७० किलोची मोजपट्टी आपल्याला लावू. म्हशीमागे वर्षाला साठेक किलो नायट्रोजन धरला तर हेक्टरी तीनपेक्षाही कमी म्हशी. शंभर म्हशींना ३५ हेक्टर, म्हणजे ८५-९० एकर. जोगेश्वरीत! म्हणून इथे वेगळं करून बाहेर पाठवण्याला पर्याय नाही. आणि पाठवायला पलीकडे जमीन नसेल तर वेगळं करूनही उपयोग नाही, कारण यंत्र काहीच नाहीसं करत नाही, एका ढिगाचे दोन ढीग करतं.

कायदा काय सांगतो?

पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदा तबेल्यांनाही लागू आहे. प्रक्रिया न केलेलं पाणी नाल्यात सोडणं बेकायदा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये डेअरी आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शेण आणि सांडपाणी दोन्हींची व्यवस्था सांगितली आहे. शहरात गुरं ठेवण्यावर महाराष्ट्राचा १९७६ चा वेगळा कायदा आहे. तुमच्या परवान्याचं नेमकं काय, ते वकिलाला विचारा, मला नको.

तबेले शहराबाहेर नेले की विषय संपेल?

मुंबईतला संपेल. डहाणू तालुक्यात दापचरीला तबेले हलवण्याचं बोलणं माझ्या लहानपणापासून ऐकते आहे. तिथे जमीन आहे, हे बरं. पण तिथे पाइपने धुवून ओढ्यात सोडलं तर नाल्याचं नाव बदलेल एवढंच. उलट तिथले लोक त्याच पाण्यावर जगतात.

खाडीत फ्लेमिंगो वाढलेत ते याच घाणीमुळे ना? मग वाईट काय?

प्रश्न तिरकस आहे, पण अगदीच खोटा नाही. ठाणे खाडीत पोषकद्रव्यं वाढल्याने शेवाळ वाढलं आणि त्यावर फ्लेमिंगोंचं फावलं, असा अंदाज अभ्यासक मांडत आले आहेत. पण तीच खाडी कोळ्यांनाही विचारा. जाळ्यात पूर्वी काय यायचं आणि आता काय येतं, ते फ्लेमिंगो सांगत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या बागेला शेण मिळेल?

मिळेल, ताजं घेऊ नका. कुजलेलं घ्या, आणि कुंडीत मूठभर पुरे. गच्चीवर पोती रचून ठेवली तर पावसात त्याचा काढा गच्चीच्या पन्हाळीतून खाली येतो, मग तुमचीच तक्रार तुमच्यावर.

गोवऱ्या थापल्या तर?

चालतं, जागा आणि ऊन असेल तर. सुकताना आणि जळताना नायट्रोजन जातो. फॉस्फरस मात्र राखेत उरतो, म्हणून आमच्या चाळीतल्या आजी चुलीची राख अळूच्या वाफ्यात टाकायच्या.